वीणेतला टेलिफोन

मला राग लवकर येतो हे आमच्या सगळ्या गावाला माहीत आहे. बायको बेबाबाई म्हणते, तुमचा राग म्हणजे चुलीवरचं दूध, उतू जातो आणि चूलही विझवून टाकतो. म्हणू द्या. पण त्या चैत्रात मला आलेला राग खरा होता, आणि तुम्ही माझ्या जागी असता तर तुम्हालाही आला असता. दुसरं महायुद्ध लागायच्या आदल्या वर्षाची गोष्ट आहे.

आमचं गाव धुळ्याहून येताना सोनगीरच्या अलीकडं, हमरस्त्यापासून कोसभर आत. गच्चीवर चढलं की किल्ला दिसतो. रामनवमीला मारुतीच्या देवळात सप्ता बसतो आणि हनुमान जयंतीला उठतो. त्या सात दिवसांत वीणा जमिनीला टेकवायची नाही आणि बंद पडू द्यायची नाही. दोन दोन तासांचे पहारे असतात. एकाचा पहारा संपला की तो वाजत्या वीणेसकट दुसऱ्याच्या गळ्यात गळा घालतो आणि वीणा त्याच्या खांद्यावर देतो. ज्याच्या खांद्यावर वीणा, तो तेवढा वेळ देवच. थोरला असो, धाकटा असो, येणारा प्रत्येक जण आधी वीणेला कपाळ टेकवतो, मग त्याच्या पायाला हात लावतो.

पहिला पहारा आमच्या घराचा. आजोबा उभे राहिले आणि त्यांच्यामागं एकतीस वर्षं माझा बाप उभा राहिला. वीणा देवळाची, पण वर्षभर ती आमच्या घरात, ओसरीवरच्या खुंटीला. बापाचं नाव उखर्डू. त्याच्या आधीची पाच भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून आजीनं हा जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर ठेवला आणि शेजारणीकडून उचलून परत घेतला. नाव उखर्डू ठेवलं, म्हणजे यमाला वाटावं हा टाकून दिलेला आहे, याला नेऊन काय करायचं. यम फसला. बाप पासष्टी ओलांडून गेला. गाव त्याला आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचो.

पण आबाचे कान गेले. आधी उजवा गेला. मग डावाही इतका मंद झाला की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच काही पोचायचं. बहिऱ्या माणसाच्या घरात एक वाईट सवय लागते. त्याच्या तोंडावर त्याच्याविषयी बोलायची. मी धुळ्याला रेडिओ-ग्रामोफोन दुरुस्तीच्या दुकानात कामाला, आठवड्याला मोटारीनं घरी यायचो. आलो की बेबाबाई आबासमोर बसूनच आबाच्या तक्रारी सांगायची, आणि मी आबासमोर बसूनच तोंडाला येईल ते बोलायचो. आबा आमच्या तोंडांकडं बघून हसायचा. त्याला वाटायचं आम्ही पिकापाण्याचं बोलतोय.

आदल्या साली सप्त्यात काय झालं, तर पहिल्याच पहाऱ्याला उन्हानं खुंटी सैल झाली आणि एक तार उतरली. कोणाच्याही कानाला खुपली असती. आबाला कळलंच नाही. तो डोळे मिटून दोन तास बेसूर वाजवत उभा राहिला. आणि कीर्तनाला आलेले बुवा, त्यांनी काय करावं? कथा सांगता सांगता आबाकडं हात करून म्हणाले, देव सगळं ऐकतो, पण आमच्या विणेकऱ्याचं कसं ऐकतो हे देवालाच ठाऊक. देऊळ हसलं. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आणि आबाही हसला, कारण त्याला वाटलं कथेत काहीतरी गमतीचं आलं असेल.

त्या हसण्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बुवांना मी तिथंच गाठणार होतो. बेबाबाईनं सदऱ्याचं टोक धरून ठेवलं म्हणून बुवा वाचले.

होळी झाली आणि गिरधर नाना ओसरीवर आले. नाना म्हणजे सप्त्याचे कर्तेधर्ते. दाणे त्यांच्या घरी जमतात, बुवा त्यांच्या घरी उतरतात. बसले, पाणी प्यायले, आबाला हात जोडले, आणि आबाच्याच समोर मला म्हणाले, "पंडित, आबाना कान गयात. औंदा पहिला पहारा लीलाधर करी."

लीलाधर त्यांचा थोरला मुलगा. माणूस वाईट नाही. पण मान म्हणजे काही बैलाची झूल नाही, की एकाच्या पाठीवरून काढून दुसऱ्याच्या पाठीवर टाकली.

"आणि आबाला कोण सांगणार?" मी विचारलं. मी रागात आलो की धुळ्याची शहरी भाषा बोलायला लागतो, माझं मलाच कळत नाही.

"सांगानं काय त्यान्मा? त्याले ऐकू येत नही," नाना म्हणाले, आणि आबाकडं बघून हसले. आबाही हसला. त्यानं नानांपुढं सुपारीचं ताट सरकवलं.

बघा म्हणजे. माणसाचा एकतीस वर्षांचा मान काढून घ्यायचा, त्याच्या ओसरीवर बसून, त्याच्याच ताटातली सुपारी खात. मी उभा राहिलो. म्हणालो, नाना, तक्रार काय आहे तुमची? सूर उतरला तर कळत नाही, एवढीच ना? मग रामनवमीला सगळ्या गावासमोर तुम्ही तुमच्या हातानं खुंटी फिरवा. कोणतीही फिरवा, कितीही फिरवा. आबानं ती ऐकून लावली, तर पहारा आबाचा. नाही लावली, तर वीणा मी स्वतः लीलाधरच्या खांद्यावर देतो.

नानांना हसू आलं असावं, पण बाहेर दहा माणसं ऐकत होती. ते "बरं" म्हणाले आणि उठले.

बोलून बसलो खरा. पण बहिऱ्या माणसाला सूर ऐकवायचा कसा? धुळ्याला परत जाताना मोटारीत मी स्वतःलाच शिव्या घालत होतो. आणि दुकानात माझ्या डोळ्यांसमोर, फळीवर, कोण्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यातला मोडका टेलिफोन पडलेला. साहेब विलायतेला गेला, सामान लिलावात निघालं, त्यातला तो. मालकाला विचारलं, तो म्हणाला, घेऊन जा, मेली अडगळ आहे.

टेलिफोनमध्ये आपण जिथं बोलतो तिथं आत एक पितळी डबी असते, रुपयाएवढी. तिच्यात कोळशाचे दाणे, खसखशीएवढे. बोललं की पुढचा पत्रा थरथरतो, दाणे दाबले जातात, सुटतात, आणि त्या हिशेबानं तारेतली वीज कमीजास्त होते. पलीकडं कानाच्या डबीत तीच वीज पुन्हा आवाज होते. मी म्हटलं, पत्रा कशाला पाहिजे? वीणेची तबली आहे की, भोपळ्यावरची पातळ फळी. तार छेडली की तबली थरथरते. डबी आतून तबलीला चिकटवायची, कानाची डबी आबाच्या कानाला बांधायची, मध्ये हातबत्तीचे दोन मसाले, म्हणजे सेल. बाहेर कोणाला काही ऐकू जाणार नाही. आबाला तेवढं जाईल.

रामनवमीला पंधरा दिवस होते. मी सुटी घेऊन घरी आलो आणि ओसरीवर मांडामांड केली. सुरी तापवून तबलीच्या कडेची लाख सोडवली. भोपळ्याच्या आत जुन्या धुळीचा आणि बुक्क्याचा वास होता. डबीचा पत्रा काढला, आतली दांडी तारांखालच्या घोडीच्या बरोबर खाली तबलीला भिडवली आणि लाखेनं बसवली. सरस असता तर अर्ध्या वेळात काम झालं असतं, पण सरस कातड्याचा. देवाच्या वीणेत तो नको म्हणून मी लाखेचे चटके बोटांवर घेतले. इतकं सोवळं पाळलं मी. वायरी जिथं तारा बांधतात तिथून, खालच्या बाजूनं बाहेर काढल्या, आणि सोनगीरच्या तांबटाकडून वायरी जोडायला-सोडायला एक पितळी खिट्टी करून आणली. पहारा संपला की खिट्टी उपटायची, वीणा दुसऱ्याकडं मोकळी.

सगळं जोडलं, वीणा पाटावर आडवी ठेवली, डबी माझ्या कानाला लावली आणि तार छेडली. काही नाही. नुसती खरखर. पुन्हा उघडलं, पुन्हा लाख, पुन्हा चटके. खरखर. मसाले नवे घातले. खरखर. दोन दिवस मी जेवताना बोललो नाही आणि बोललो तेव्हा जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. वीणा दांडीला धरून उचलली, ती जोत्यावर आपटायलाच. ती उभी झाली, हातात हिसका बसला, आणि कानात टणकन सूर वाजला, इतका मोठा की मी दचकलो.

दाणे हो. वीणा आडवी ठेवली की दाणे तळाला बसायचे आणि डबीतल्या दांडीला लागायचेच नाहीत. उभी धरली की भिडायचे. टेलिफोन भिंतीवर उभाच असतो, हे मला दोन दिवस सुचलं नव्हतं. आबा कोपऱ्यात बसून सगळं बघत होता. मी हातवारे करून त्याला सांगितलं. तो म्हणाला, "वीणा आडवी ठेवतस का रे कधी?"

मग मी ती त्याच्या खांद्यावर दिली. कानाची डबी डाव्या कानाला फडक्यानं बांधली, मसाले बंडीच्या खिशात ठेवले, खिट्टी घातली. आबानं रोजच्यासारखं बोट तारांवरून फिरवलं आणि थांबला. पुन्हा फिरवलं. म्हणाला, "बोलनी."

वीणा बोलली, एवढंच म्हणाला. मग खुंट्यांना हात घातला. दोन तारा उतरलेल्या होत्या, त्या त्यानं चढवल्या, इतक्या नेमक्या की माझ्या अंगावर काटा आला. बराच वेळ वाजवलं. मग मला जवळ बोलावून विचारलं, "गयला साल बी अशीच उतरेल व्हती का रे?"

मी मान हलवून नाही म्हणालो. त्यानं माझ्याकडं जरा बघितलं आणि पुन्हा वाजवायला लागला.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी झाली. ती लक्षात ठेवा, मी ठेवली नाही. बेबाबाई पाणी घेऊन वीणेजवळून जाताना स्वतःशीच पुटपुटली, "आते यासना हाऊ नवा खेळ." आबा लगेच म्हणाला, "खेळ नही व माय, वीणा शे." तिच्या हातातला तांब्या पडता पडता राहिला. तबली बोलण्यानंही थरथरते. हातभर अंतरावर कोणी बोललं की ते आबाच्या कानात जायचं. आम्ही खूप हसलो. बेबाबाई त्या दिवसापासून वीणा बाहेर असली की जिभेला लगाम घालून फिरायची. बाईमाणसाला जे कळलं ते मला कळायला हवं होतं.

रामनवमीला सकाळी आबाला मी स्वतः फेटा बांधला. कानाची डबी फेट्याच्या आत, वायर मानेमागून बंडीच्या आत. आरशात बघून आबा म्हणाला, दिसत नाही. देवळात गाव जमलेलं होतं. कलश मांडला, वीणेची पूजा झाली आणि नाना पुढं झाले. आबाला पाठमोरं उभं केलं आणि एका खुंटीला एवढासा, नखभर, पीळ दिला. वीणा आबाच्या हातात दिली. त्यानं बंडीआडून खिट्टी तिच्यात खोचली. आबानं बोट फिरवलं, दुसऱ्यांदा फिरवलंच नाही. हात सरळ त्याच खुंटीवर गेला. पीळ दिला तेवढाच उलटा दिला, आणि वीणा खांद्यावर घेऊन तो हरिनाम म्हणायला लागला.

सगळे एकदम पुढं आले. म्हातारी माणसं वीणेला कपाळ टेकवून आबाच्या पायाशी वाकत होती. माझी छाती अशी फुगली होती की सदऱ्याच्या गुंड्या तुटल्या असत्या. सप्ता सुरू झाला होता, वीणा वाजत होती, पहारा आमचा होता. इथं मी गप्प राहिलो असतो तर ही गोष्ट इथंच संपली असती.

लीलाधर पाया पडायला वाकला आणि त्याला बंडीखालून आलेली वायर दिसली. त्यानं बापाला खुणावलं. नाना म्हणाले, "पंडित, हाई काय शे?"

मी म्हणायचं होतं की ताईत आहे, औषध आहे, काहीही. पण माझ्या अंगात शहाणपण चढलेलं. सगळ्या गावासमोर मी सांगत बसलो. डबी काय, दाणे काय, साहेबाचा टेलिफोन काय, लिलाव काय. अशी युक्ती मुंबईत कोणाला सुचली नसती, असंही म्हणालो. नाना सगळं ऐकून घेत होते आणि त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत होत्या.

"म्हणजे टेलिफोनमा लोके जठे तोंड लाईसन बोलतस, तीच डबी?"

"तीच."

"गोरा साहेब तीन्मा तोंड घाली बोले. थुंकी उडस तीन्मा. मांस खाणारानी, दारू पिणारानी." नाना गावाकडं वळले. "हाई उष्टं शे. देवनी वीणामा उष्टं."

मला सांगा, हे कोणाला सुचेल? मी कातडं टाळायला बोटं भाजून घेतली. डबी घासून पुसून घेतली. पण उष्टं? ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि आलं नव्हतं हाच माझा गुन्हा झाला. आता ज्यांनी ज्यांनी कपाळ टेकवलं होतं ते सगळे धोतराच्या सोग्यानं कपाळं पुसायला लागले. एक म्हातारा तर विहिरीकडं निघाला. मी म्हणालो, नाना, धुळ्याच्या हॉटेलात तुम्ही चहा पिता त्या कपाला किती तोंडं लागली ते विचारता का कधी? नाना म्हणाले, मी कप देवळात आणत नाही. मी म्हणालो, तुम्हाला फक्त तुमच्या पोराच्या खांद्यावर वीणा पाहिजे. ते म्हणाले, वीणा आत्ता खाली घे आणि ते काढ. मी म्हणालो, सप्ता बसलाय, वीणा खाली कशी घेऊ, तुम्हीच सांगा. माझा आवाज चढलेला, त्यांचा चढलेला. आणि मधोमध आबा उभा, डोळे मिटून, वाजवत. चालू वीणा थांबवायची नाही, हे त्याच्या हाडात होतं.

ओरडून काही होणार नाही हे मला कळलं. माणसं नानांच्या बाजूला सरकत होती. मग मी नानांचा दंड धरला आणि त्यांना बाजूला ओढलं. देवळाचा कोपरान् कोपरा माणसांनी भरलेला. मोकळी जागा एकच, आबाच्या पुढ्यात, कारण उष्ट्याच्या भीतीनं तिथून सगळे मागं हटले होते. आणि आबासमोर बोलायला कसली चोरी? त्याचे कान गेल्यापासून सहा वर्षं बोलतच होतो. वीणेच्या भोपळ्याला माझी बाही घासत होती, इतक्या जवळ आम्ही उभे होतो. माझं डोकं रागानं नुसतं भणभणत होतं.

मी हळू आवाजात म्हणालो, "नाना, अहो किती दिवसांचा सोबती आहे तो? दम लागतो, खोकतो. पुढच्या चैत्राला असेल की नाही देव जाणे, मला तर वाटत नाही. मला काय हौस आहे का? वर्षभर खांबासारखा ओसरीत बसून डोकं खातो आमचं. बायको वैतागलीय, मी वैतागलोय. एवढा एक सप्ता उभा राहू द्या त्याला. मग तो गेला की वीणा कायमची तुमच्या लीलाधरची. मी स्वतः आणून देईन, पुन्हा कधी तोंड उघडणार नाही."

नाना विचारात पडले. आबाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग त्यांनी मान हलवली. गोमूत्र शिंपडू, म्हणाले, आणि औंदा चालवून घेऊ. मी जिंकलो होतो. त्यांचा हात हातात घेऊन मी वळलो, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की वीणा थांबली आहे.

आबा डोळे उघडून माझ्याकडं बघत होता. चालू सप्त्यात वीणा थांबलेली कोणी कधी ऐकलीच नव्हती. त्याच्या फेट्यातून निघालेली ती काळी वायर माझ्याच हातानं वळलेली होती, सकाळी मीच ती फेट्यात खोवली होती.

"बठ्ठं ऐकं मी," आबा म्हणाला. सगळं ऐकलं होतं त्यानं, आणि सांगितलं ते मोठ्यानं नाही, रागानं नाही. मग लीलाधरला हाक मारली. "ये बेटा. धर."

लीलाधर बापाकडं बघायला लागला. आबानं पुढं होऊन त्याच्या गळ्यात गळा घातला, रीतीनं, जसा एकतीस वर्षं पहारा संपल्यावर घालायचा तसा. खिट्टी स्वतः उपटली. वीणा त्याच्या खांद्यावर दिली, त्याचं बोट धरून तारांवर ठेवलं, आणि वाकून, माझा पासष्टीचा बाप वाकून, त्या पोराच्या पायाला हात लावून उभा राहिला. मग फेटा सोडला, कानाची डबी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "काढी ले रे हाई," म्हणाला, आणि देवळाच्या पायऱ्या उतरून घराकडं चालायला लागला.

आता उष्ट्याचं ऐका. वीणा लीलाधरच्या खांद्यावर गेली आणि साहेबाची थुंकी कुठं गेली कोणाला माहीत. नानांनी चार थेंब गोमूत्र शिंपडलं, पुसलेली कपाळं पुन्हा पुढं आली, आणि तीच वीणा, आत तीच डबी, सात दिवस वाजली. सप्ता उठल्यावर ती नानांच्या घरी गेली. आमच्या ओसरीवर रिकामी खुंटी राहिली. हा राग माझा अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही. पण तो कोणावर काढू? नानांनी काही हिसकावून घेतलं नाही. माझ्याच तोंडानं मी दिलं.

लोक म्हणतील, तू ते नानांना पटवायला बोललास, मनातलं नव्हतं. बेबाबाईही असंच म्हणते. मीही बरेच दिवस स्वतःला असंच सांगितलं. खरं सांगू? ते सगळं मी घरी शंभर वेळा बोललो होतो, त्याच शब्दांत, त्याच्या तोंडावर. फरक एवढाच, की आता त्याला मीच कान दिले होते. ज्या आईनं त्याला जगवायला उकिरड्यावर ठेवलं, तिच्या नातवानं भर देवळात त्याचे दिवस मोजले.

सप्ता उठला त्या दिवशी मी आबाजवळ बसलो. माफी मागायची होती. पण अशी गोष्ट माणूस हळू बोलतो, आणि हळू बोललेलं आबाला ऐकू जाईल अशी वस्तू जगात एकच होती, ती नानांच्या घरी खुंटीला टांगलेली. कानाची डबी माझ्या खिशात होती, नुसती, कशाला जोडायची? मग मी तोंड त्याच्या डाव्या कानाशी नेलं आणि ओरडलो, "आबा, चुकलं माझं." समोरच्या ओसरीवरची माणसं वळून बघायला लागली. मी पुन्हा ओरडलो, आणखी मोठ्यानं. गल्लीच्या टोकाला कोणीतरी थांबलं. आबानं हळूच मान वळवली.

"काय सांगस रे?" तो म्हणाला. "माले ऐकू येत नही."

इतक्या जवळून इतक्या मोठ्यानं ओरडलेलं त्याच्या डाव्या कानाला ऐकू येतं. घरी असलो की जेवायला मी त्याला तसाच बोलावत असे. नंतर तो आणखी नऊ वर्षं जगला. मी दर आठवड्याला घरी यायचो, त्याच्या कानाशी ओरडायचो. चुकलं म्हणालो की त्याला ऐकू यायचं नाही, आणि जेवायला बोलावलं की तो उठायचा.